बाबांच्या बुलेटचे दोन नंबर

आज नागलीचं लिहीत नाही. वरई कापून झोडून झाली, नागली अजून आठ-दहा दिवस उभी राहील. मधल्या रिकाम्या दिवसांत एका वेगळ्याच कामात अडकलो होतो, ते लिहितो. ज्यांच्या पडवीत जुनी गाडी, जुना ट्रॅक्टर नाहीतर जुनं पंपाचं इंजिन उभं आहे त्यांनी तरी पूर्ण वाचा. लांब झालंय, सांभाळून घ्या.

आमच्या पडवीत बाबांची बुलेट आहे. १९७१ चं मॉडेल, साडेतीनशे सीसी. बाबा जंगल कामगार सोसायटीत मुकादम होते. १९७८ साली एका लाकडाच्या ठेकेदारानं कामधंदा आवरला तेव्हा त्याच्याकडून त्यांनी ती जुनीच विकत घेतली. त्या काळी आमच्या वावरमध्ये, म्हणजे वावर गावात, ती एकच मोटारसायकल. (नवीन वाचकांसाठी सांगतो, आमच्या गावाचं नावच वावर आहे. जव्हार तालुका. त्यामुळे मी "वावरात आहे" असं लिहिलं की शेतात आहे की गावात, हे कोणालाच कळत नाही.) बाबा २००९ साली गेले. तेव्हापासून बुलेट खताच्या गोण्या पांघरून उभी. मी वर्षातून दोनदा, पोळ्याला आणि दिवाळीला, पुसतो, किक मारतो, चालू झाली तर झाली.

यंदा सगळ्यांच्या डोक्यामागं त्या नवीन नंबरप्लेटचा भुंगा होता. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना ती लावायची. दुचाकी आणि ट्रॅक्टरला ४५० रुपये आणि वर जीएसटी. मुदत पुढं पुढं ढकलत गेली तसे आपणही ढकलत गेलो. माझ्या रोजच्या गाडीची प्लेट पोरानं मोबाईलवर बुक केली. तिथं गाडीच्या नंबरासोबत चासी नंबरचे आणि इंजिन नंबरचे शेवटचे पाच-पाच आकडे मागतात. ते टाकले, झालं. मग पोरगा म्हणाला, "आजोबांच्या बुलेटचंही करून टाकू." जुनं कागदी आरसी बुक, नोंदणीची मुदत कधीच संपलेली, ऑनलाइन रेकॉर्ड सापडेना. प्लेट राहिली बाजूला. पण त्या निमित्तानं गोण्या निघाल्या, गाडी धुतली गेली, पोरानं फोटो काढला आणि टाकला कुठंतरी.

चौथ्या दिवशी नाशिकहून एका साहेबांचा फोन. जुन्या गाड्या जमवतात. बोलायला माणूस चांगला. त्यांनी टायर विचारले नाहीत, चालू आहे का विचारलं नाही. पहिला प्रश्न, "मॅचिंग नंबर आहे का?"

मी म्हणलं, "म्हणजे?"

ते म्हणाले, "चासीवरचा नंबर, इंजिनवरचा नंबर आणि आरसी बुकातला नंबर, तिन्ही जुळतात का ते बघा. जुळत असेल तर एक लाख साठ हजार. नसेल तर सत्तर."

एक नंबर आणि नव्वद हजारांचा फरक! मोगऱ्याच्या तुकड्यावर ठिबक आणि पंप बसवायचा म्हणून मी दोन वर्षं पैसे जमवतोय, ते अजून जमले नाहीत. त्या रात्री मला झोप कशी लागली असेल ते तुम्ही समजा.

आता नंबर कसा बघायचा ते सांगतो, कारण यात मी दोन चुका केल्या.

बुलेटचा चासी नंबर हँडलखालच्या मानेवर ठोकलेला असतो. तो लगेच मिळाला. कपड्यानं पुसला, पातळ कागद लावला, वरून पेन्सिल आडवी फिरवली, आकडे उमटले. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून करायचो तसंच. आरटीओच्या कागदाला चासीची जी पेन्सिल प्रिंट लागते ती हीच. आरसी बुकाशी ताडून बघितला, आकड्याला आकडा बरोबर.

इंजिन नंबर डाव्या अंगाला, सिलिंडर जिथं खाली बसतं त्याच्या बुडाशी, चेंबरवर असतो. चेंबर म्हणजे क्रँककेस. तिथं तेल आणि माती बसून बसून लिंपल्यासारखं झालेलं. मी काय केलं, लोखंडी तारेचा ब्रश घेतला. ही पहिली चूक. चेंबर अॅल्युमिनियमचं असतं, मऊ. तारेनं ओरखडे पडले की नंतर बघणाऱ्याला शंका येते की इथं कोणी घासाघीस केली. रॉकेलचा बोळा ठेवून तासभर भिजू द्यायचं, मग कापडानं आणि नखानं काढायचं. पॉलिश पेपर नाही, ग्राइंडर तर नाहीच नाही. साफ झाल्यावर खडूची भुकटी आकड्यांत भरायची, वरची पुसून टाकायची, आणि रात्री बॅटरी आडवी धरून फोटो काढायचा. समोरून उजेड मारला की आकडे सपाट होतात. बाजूनं मारला की सावली पडते आणि ३ चा ३, ८ चा ८ दिसतो.

दुसरी चूक हीच. दिवसा, घाईत वाचला. आरसी बुकात आमच्या गाडीचा चासी आणि इंजिन दोन्हीचा आकडा एकच आहे. जुन्या बुलेटांना असं असायचं, हे साहेबांनी फोनवर सांगितलं होतं. मला वाटलं, शेवटचे दोन आकडे जुळतात, झालं काम. पोराला म्हणलं, कळव त्यांना, जुळतो. पोरगा शहाणा, त्यानं रात्री बॅटरी धरली. शेवटचे दोन आकडे खरंच तेच होते. मधले तीन वेगळे.

म्हणजे इंजिन दुसऱ्या गाडीचं.

मी मटकन ओटीवर बसलो. पैशाचं तर वाटलंच, पण पहिला विचार वेगळाच आला. बाबांनी चोरीचं इंजिन बसवलं होतं की काय? बाबा हिशेबाला इतके कडक की सोसायटीची शिल्लक राहिलेली सुतळीसुद्धा घरी आणायचे नाहीत.

दुसऱ्या दिवशी जव्हारला मेस्त्रीकडं गेलो. आता पंच्याहत्तरी ओलांडलीय त्यांनी, गॅरेज पोरगा बघतो, ते बाहेर खुर्ची टाकून बसतात. मी फोटो दाखवला. चष्मा कपाळावर ढकलून बघितला आणि म्हणाले, "हे चेंबर मीच बसवलंय रे. तू होतास की त्या दिवशी. रॉड बाहेर आला होता."

आणि मग मला आठवलं. विसरलो नव्हतोच. इंजिन नंबर आणि तो दिवस यांचा काही संबंध असेल, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

१९९२ चं साल. आमच्या भागातल्या वाचकांना सांगायला नको. वावर-वांगणीत कुपोषणानं लेकरं गेली, शंभराच्या वर. राज्यभर गाजलं, पेपरवाले आले, गाड्यांचे ताफे आले. पण ताफे यायच्या आधीचे दिवस होते ते. पाऊस उघडत नव्हता. घरातली नागली संपलेली, नवीन अजून शेतात. रस्ता म्हणजे चिखल, ओहोळ भरला की गाव तुटायचं. गावात गाडी एकच, ती बाबांची. बाबा सकाळी कामावर जायच्याऐवजी कोणाचं ना कोणाचं लेकरू घेऊन जव्हारच्या सरकारी दवाखान्यात जायचे. कधी दिवसात दोन खेपा. पेट्रोलचे पैसे कुठून आणले ते मला आजही माहीत नाही. आईच्या गळ्यातली पुतळ्यांची माळ मी त्या वर्षानंतर पाहिली नाही, एवढं माहीत आहे.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा. त्या दिवशी चुलतभावाचं पोरगं, वर्षाचंही नव्हतं, हगवणीनं डोळे आत गेलेले. बाबा पुढं, मधे मी पोराला घोंगडीत गुंडाळून छातीशी धरलेला, मागं वहिनी. चढाला गाडी ओरडत होती. आधी डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज. बाबांनी गिअर पाडला. आवाज वाढला. मग एकच धाड! चाक जागेवर अडकलं आणि आम्ही आडवे. खाली बघितलं तर इंजिनाला पुढून मुठीएवढं भोक, त्यातून कनेक्टिंग रॉडचं तोंड बाहेर. तेल पावसाच्या पाण्यावर पसरत खाली वाहत चाललं होतं.

बाबांनी गाडीकडं बघितलंसुद्धा नाही. पोर माझ्याकडून घेतलं आणि चढ चढायला लागले. पुढं एक जीप मिळाली.

ते पोर आज तेहतीस-चौतीस वर्षांचं आहे, वाड्याला कंपनीत लागलंय. बाकीच्यांचं मी इथं लिहीत नाही.

मेस्त्री म्हणाले, "तुझ्या बापानं तेल बघितलंच नव्हतं. मी त्याला बोललो, तू तर रोज तेल बघणारा माणूस. तो म्हणाला, वेळ कुठं होता."

आता यातली यंत्राची बाजू. ती मला मेस्त्रींनी समजावली आणि जुनी गाडी घेणाऱ्यानं ती लक्षात ठेवावी. इंजिनाचं काम केलं म्हणून नंबर बदलत नाही. पिस्टन बदला, सिलिंडर बोअर करा, क्रँक बदला, बिगेंड बदला, नंबर तोच राहतो, कारण नंबर चेंबरवर ठोकलेला असतो. चेंबर बदललं तरच नंबर बदलतो. आणि चेंबर माणूस हौसेनं बदलत नाही. ते फुटलं, तडकलं, तरच. म्हणून एखाद्या जुन्या गाडीचा नंबर जुळत नसेल तर पहिला प्रश्न "चोरीची आहे का" हा विचाराच, पण दुसरा प्रश्न "हिचं काय झालं होतं" हाही विचारा.

नवीन चेंबर मिळायला गाडी चार महिने उभी राहिली. मेस्त्री एरवी सामान मुंबईहून आणायचे. पण डिसेंबरात आणि मग जानेवारीत मुंबई पेटलेली. १९९२-९३ चे ते दिवस. कोण जाणार? शेवटी बाबा एसटीनं नाशिकला गेले, जुन्या बाजारातून चेंबरची जोडी घेऊन, गोणीत बांधून, मांडीवर ठेवून परत आले.

"पावती घेतली होती का त्यांनी?" मी विचारलं.

मेस्त्री हसले. "तुझा बाप भाजीची पावती मागायचा."

घरी येऊन बाबांची पत्र्याची पेटी काढली. आरसी बुकाच्या प्लास्टिकमध्ये मागच्या बाजूला घडी. साध्या कागदावर लिहिलेलं: बुलेट इंजिन चेंबर जुने, डावे-उजवे, नंबर अमुक, रोख मिळाले. फेब्रुवारी १९९३. रेव्हेन्यू तिकीट, त्यावर सही. नंबर माझ्या पेन्सिल प्रिंटशी ताडला. बरोबर.

चोरीचं नाही, असं मी लगेच म्हणणार नाही. विकणाऱ्यानं कुठून आणलं ते पावतीत नाही. पण बाबांनी उघड बाजारात पैसे देऊन, नंबर लिहून घेऊन आणलं, इतकं कागदावर आहे. राहिलं काय, तर आरटीओत नोंद. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. इंजिन बदललं तर १४ दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं, आरसी सोबत द्यायची. बाबांनी ते केलं नाही. ठाण्याला कोण जाणार होतं? तेव्हा आपला जिल्हा ठाणे. पालघर झाला १ ऑगस्ट २०१४ ला.

आता गंमत पुढं आहे. मी घरी हे सगळं सांगत होतो तर आमच्या मंडळी म्हणाल्या, "ते भोक पडलेलं का? ते कणगीवर आहे."

भाताच्या कणगीच्या झाकणावर उंदीर झाकण उचलू नये म्हणून एक वजन असतं. माझ्या आईच्या वेळेपासून आहे. काळं, तेलकट, वाकडंतिकडं. मी जन्मभर त्यावर हात ठेवून भात काढलाय. खाली उतरवलं, रॉकेल लावलं, खडू चोळला. चेंबरचा डावा अर्धा भाग. पुढून मुठीएवढं भोक. आणि वरच्या बाजूला, जिथं असायला पाहिजे तिथं, आरसी बुकातला नंबर, अख्खा.

पोरगा ओरडलाच, "पप्पा, जुळला!"

साहेबांना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन. अॅल्युमिनियमचं आर्गन वेल्डिंग होतं, नाशिकला चांगले कारागीर आहेत, भोक बुजवून घ्या, तोच अर्धा भाग परत बसवा, नंबर मूळचा, कायद्यालाही धरून. मी पूर्ण एक साठ देतो, वेल्डिंगचा खर्चही माझा.

त्याच आठवड्यात दुसरा एक जण भेटला, जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीतला. तो म्हणाला, "कशाला एवढं? आहे त्या चेंबरवर ग्राइंडर मारू, मूळ नंबर ठोकू. पाच हजार. कोणाच्या बापाला कळणार नाही."

खोटं कशाला बोलू, एक रात्र मी त्याचा विचार केला. नंबर तर आमचाच आहे ना, दुसऱ्याचा थोडाच ठोकतोय, असा. सकाळी मेस्त्रींना विचारलं तर त्यांनी मला झाडलं. पहिलं म्हणजे तो गुन्हा आहे. दुसरं, कळतं. कंपनीचा ठसा ठराविक घडणीचा असतो, एका ओळीत, एका खोलीचा. हातानं ठोकलेला आकडा थोडा तिरपा, कुठं खोल कुठं उथळ. घासलेल्या जागेची कातडी वेगळी दिसते. आणि तिसरं मला माहीत नव्हतं. आकडा ठोकताना खालचा धातू आतपर्यंत दबतो. वरून घासून सपाट केला तरी ते दबलेपण खाली राहतं. फॉरेन्सिकवाले त्या जागी रसायन लावतात, दबलेली आणि न दबलेली जागा वेगवेगळी झिजते आणि पुसलेला आकडा पुन्हा वर येतो. अगदी खोल घासलं असेल तर नाही येत, पण मग घासलेलंच दिसतं.

हे ऐकून मला आमच्या खालच्या खाचराची आठवण झाली. तिथून पूर्वी गाडीवाट जायची. बंद होऊन वीस वर्षं झाली, दरवर्षी नांगरतो, तरी त्या दोन चाकोऱ्यांवर भात आजही वीतभर बुटका राहतो. कृषी सहायक नवीन आले तेव्हा त्यांना वाटलं खत कमी पडलं. मी म्हणलं, खत नाही साहेब, गाडीवाट आहे.

मग राहिला वेल्डिंगचा रस्ता. तो सरळ होता, आणि खरं सांगायचं तर मी तयार झालो होतो. जुना अर्धा भाग गोणीत बांधला, मेस्त्रींकडं नेला. त्यांनी तो हातात घेऊन बराच वेळ फिरवला. भोक बुजेल म्हणाले. पण चेंबरचे दोन अर्धे भाग जोडीनं घडवलेले असतात. क्रँकचं बेअरिंग एका बाजूचं डाव्यात, दुसऱ्या बाजूचं उजव्यात. दोन्ही भोकं एका सरळ रेषेत यायला पाहिजेत. आपला जुना उजवा अर्धा भाग त्याच दिवशी तडकला होता, तो भंगारात गेला. आता जुना डावा आणि नाशिकचा उजवा जोडला तर बसेल, बोल्ट लागतील, चालूही होईल. पण रेषेत राहील याची हमी नाही. आणि वेल्डिंगच्या उष्णतेनं डावा आधीच थोडा ओढला जाणार.

"चालेल किती?" मी विचारलं.

"दिवाणखान्यात उभी करायला पन्नास वर्षं. चढाला, मला सांगता येत नाही."

साहेबांना मी हे जसंच्या तसं सांगितलं. त्यांना चालत होतं. त्यांना ती चालवायची नव्हतीच. २०२१ साली केंद्र सरकारनं जुन्या गाड्यांचा वेगळा नियम केलाय: ५० वर्षांवरची दुचाकी-चारचाकी, मूळ रूपात असलेली, चासीत, बॉडीत, इंजिनात मोठा फेरफार न केलेली, तिला विंटेज म्हणून नोंदणी मिळते. नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. आणि मग ती गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच. म्हणजे त्यांच्या दृष्टीनं मूळ नंबर का पाहिजे ते बरोबरच आहे. त्यांना मी नावं ठेवत नाही. त्यांनी एकदाही खोटं करा म्हणलं नाही, उलट ग्राइंडरवाल्याचं सांगितलं तर तेही चिडले.

पण मला रात्रीतून हिशेब सुचला. १९७१ ते १९९२, मूळ चेंबर एकवीस वर्षं चाललं. त्यातली आमच्याकडं चौदा. नाशिकचं चेंबर १९९३ पासून आजपर्यंत, बत्तीस वर्षं, त्यातली सोळा बाबांच्या पायाखाली. माझं लग्न, पोराचा जन्म, बाबांची शेवटची दवाखान्याची खेप, सगळं त्या "दुसऱ्याच्या" इंजिनावर. मग मूळ कुठलं? कागदाला विचारलं तर एक सांगतो, गाडीला विचारलं तर दुसरं. आपल्या सातबाऱ्याचंही असंच असतं म्हणा. गट नंबर बरोबर, क्षेत्र बरोबर, आणि जागेवर बांध तिसरीकडंच. वनपट्टे मोजले तेव्हा आम्ही ते भोगलंय.

अमरेली जिल्ह्यातले मनसुखभाई जगानी तुम्हाला माहीत असतील. गुजरातमध्ये १९९४ च्या सुमारास दुष्काळात बैल परवडेनात, तेव्हा त्यांनी बुलेटचं मागचं चाक काढून तिथं औत जोडलं. बुलेट सांती म्हणतात त्याला. पेटंटही मिळालं. त्या गाडीचा नंबर जुळतो का, हे तिच्या मागं पेरणी करणाऱ्या कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही.

पोरगा दोन दिवस बोलला नाही. त्याचंही बरोबर आहे. नव्वद हजार म्हणजे मोगऱ्याचं ठिबक, पंप आणि वर उरले असते. मी त्याला म्हणलं, सत्तरला विकायची असेल तर आहे तशी, दोन्ही नंबर दाखवून, पावतीसकट विकू. तो म्हणाला, "सत्तरला कशाला, मग राहू दे." तर राहिली. साहेबांना कळवलं. त्यांनी एकच मागितलं, कधी मन बदललं तर आधी त्यांना विचारायचं. हो म्हणलं.

आता कागद सरळ करायचे ठरवलंय. मी वकील नाही, विचारून जे कळलं ते सांगतो. गाडी अजून बाबांच्या नावावर आहे, तर आधी वारसाच्या नावावर करायचा फॉर्म ३१, सोबत मृत्यूचा दाखला आणि वारसांची संमती. नोंदणी नूतनीकरणाचा फॉर्म २५. जुनी कागदी नोंद संगणकावर चढवून घ्यायची. आणि इंजिन बदलल्याची नोंद, पावती जोडून. बत्तीस वर्षं उशिरा कळवतोय म्हणून दंड काय लागेल तो लागेल. चासीची पेन्सिल प्रिंट दोन प्रती काढून ठेवल्यात.

जुनी गाडी घेणाऱ्या मंडळींना एवढंच सांगतो, पैसे द्यायच्या आधी तिन्ही ठिकाणचा नंबर स्वतः वाचा. विकणाऱ्यानं व्हॉट्सअॅपवर पाठवलेला आरसीचा फोटो म्हणजे नंबर नव्हे. बैल घेताना आपण दात बघतो, आता तर कानातला बारा आकडी पिवळा टॅगही कार्डाशी ताडतो. मग गाडीला का नाही? ट्रॅक्टरलाही हेच. गेल्या वर्षी मोखाड्याच्या एका पाहुण्यानं स्वस्तात ट्रॅक्टर घेतला. चासी नंबर जुळला, इंजिनाचा बघितलाच नाही. आता नावावर होत नाही आणि विकणारा फोन उचलत नाही. आणि ज्यांच्या घरात वडलांच्या गाडीचे कागद पेटीत आहेत त्यांनी प्लास्टिकच्या मागच्या कप्प्यात हात घालून बघा.

चेंबरचा जुना अर्धा भाग मी धुऊन पडवीत ठेवला होता, बुलेटच्या शेजारी. काल संध्याकाळी बघतो तर जागेवर नाही. मंडळींनी परत कणगीवर नेऊन ठेवला. दोन दिवसांत उंदरांनी झाकण सरकवलं म्हणे.

नागली कापायला लागलो की वसईच्या आरटीओला जायचं राहून जाईल, म्हणून येत्या सोमवारीच निघतो. काय होतं ते कळवीन. तोवर ज्यांची नागली लाल पडलीय त्यांनी कणसं आधी खुडून घ्या, ताट मागनं कापता येतं.